भट्टीतले शब्द



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते उभा जन्म रसायनशास्त्र शिकवत होते. म्हणून संयोजकांनी विषय दिला तो असा: विज्ञानात रोज वापरले जाणारे इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांची मुळं. विषय अफाट आहे. नुसते ‘ए’ने सुरू होणारे शब्द घेतले तरी रात्र होईल आणि मागच्या खोलीतली भजी गार होतील. तेव्हा बोलायचं लखनौजवळच्या चिनहटला आहे, तर इथल्या भांड्यांच्या कारखान्यात जे शब्द कानावर पडतात त्यांच्यापासूनच सुरुवात करू, असं मी ठरवलं.

आधी गावाच्या नावाबद्दल. चिनीमातीची भांडी विकणाऱ्या गावाचं नाव चिनहट! मग चीन अधिक हाट, म्हणजे चिनी भांड्यांचा बाजार, अशी फोड करायचा मोह कोणाला होणार नाही? पण कालक्रम आड येतो. ३० जून १८५७ रोजी सर हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा इथे पराभव झाला. ती लढाई इतिहासात ‘चिनहटची लढाई’ म्हणूनच नोंदलेली आहे. झिलईच्या भांड्यांचा इथला आजचा धंदा रुजला तो स्वातंत्र्यानंतर, सरकारी प्रशिक्षणातून. नाव आधीचं आणि भांडी नंतरची. शब्दांची मुळं शोधताना पहिला धोका हाच असतो. कानाला जुळलं की मनाला पटतं आणि मग तारखा पाहायच्या राहून जातात.

आता कारखान्यात चला. फळीवर पहिल्या भट्टीतून काढलेल्या वाडग्यांची रांग असते. फिकट, कोरडी, बोट लावलं तर ओल शोषून घेणारी. कारागीर एक वाडगा चिमट्याने धरतो, झिलईच्या टबात बुडवतो, मनात दोन-तीन आकडे मोजतो आणि वर काढतो. पाणी मातीत जिरतं, पूड वर बसते. ज्या भागाला चिनहटचा तो ओळखीचा हिरवा रंग यायचा असतो, तिथे कुंचल्याने जे लावतात ते तांब्याचं ऑक्साइड असेल तर दिसायला चक्क काळं असतं. तपकिरी रंग लोखंडाचा, आणि तो लावताना गेरूसारखा लाल. नवख्या माणसाला वाटावं, यांनी रंगांचे डबे अदलाबदल केले. भट्टी उघडल्यावर काळ्याचं हिरवं झालेलं असतं. भट्टीत हवा पुरेशी खेळली तर हं. हवा कोंडली आणि धूर माजला तर तेच तांबं लाल होतं.

त्या फळीवरच्या बिनझिलईच्या वाडग्यांना कारागीर म्हणतात ‘बिस्किट’. ‘बिस्किट लावलं’, ‘बिस्किट निघालं’. लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे शिजवलेलं. जहाजावर महिनोन्‌महिने टिकावा म्हणून दोनदा भाजलेला पाव, ते बिस्किट. आता गंमत पाहा. भांड्यांच्या धंद्यात बिस्किट म्हणतात ते एकदाच भाजलेल्या भांड्याला! दुसऱ्यांदा भाजलं की ते बिस्किट राहत नाही. शब्दाच्या मुळाचा आणि वापराचा इतका सरळ झगडा असूनही धंद्यात कोणाचा कधी गोंधळ झालेला नाही. आणि ज्या भट्टीत हे सगळं चालतं तिचं इंग्रजी नाव ‘किल्न’, ते लॅटिनच्या ‘कुलिना’वरून आलं. कुलिना म्हणजे स्वयंपाकघर.

चिनीमातीला विज्ञानात ‘केओलिन’ म्हणतात. हे चीनमधल्या एका टेकडीचं नाव आहे. जिंगदेजन या भांड्यांच्या शहराजवळचं गाओलिंग. अर्थ, उंच डोंगरधार. दंत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ आणि १७२२ साली तिथून लांबलचक पत्रं पाठवली. चिनी लोक कुठली माती घेतात, कुठला दगड कुटतात, कसं मळतात, हे सगळं त्यांत होतं. म्हणायला धर्मप्रसारक, पण औद्योगिक हेर म्हणूनही हा गृहस्थ नापास झाला नसता. त्या पत्रांबरोबर हा शब्द युरोपात गेला आणि पुढे खनिजशास्त्रात ‘केओलिनाइट’ होऊन बसला. ‘पोर्सिलेन’ची गोष्ट याहून घरगुती. इटालियन व्यापाऱ्यांना ही चकचकीत पांढरी भांडी पाहून समुद्रातली कवडी आठवली आणि त्यांनी कवडीचंच नाव, ‘पोर्चेल्लाना’, भांड्यांना दिलं. कवडीला स्वतंत्र इंग्रजी नाव लागलं तेव्हा इंग्रजांनी ते आपल्याकडून नेलं: ‘काउरी’, म्हणजे हिंदीतली कौड़ी.

कुंभाराने चाकावर जे शब्द घडवले ते किती लांब गेले, हे पाहण्यासारखं आहे. ग्रीकमध्ये ‘प्लासेइन’ म्हणजे मातीला आकार देणं. त्यातून ‘प्लास्टिक’ हे आधी विशेषण झालं. प्लास्टिक माती, म्हणजे दाबली की दबते आणि दाब काढला तरी तशीच राहते ती माती. १९०७ मध्ये बेकेलंडने बेकेलाइट केलं आणि पुढे त्या विशेषणाचं नाम होऊन ते आपल्या पिशव्यांपर्यंत पोचलं. त्याच ग्रीक धातूतून ‘प्लाझ्मा’. रक्तातला द्रव तो प्लाझ्मा. आणि १९२८ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूरने विद्युतभारित वायूलाही तेच नाव दिलं, त्यामुळे सूर्यही प्लाझ्माचा झाला. आपल्याकडेही हे नातं आहे. संस्कृतमध्ये ‘दिह्’ म्हणजे लिंपणं, माखणं, त्यातून ‘देह’. ज्या मूळ धातूतून हा देह आला त्यातूनच लॅटिनमार्गे ‘फिगर’ आणि ‘फिक्शन’, आणि इंग्रजीत कणकेचा गोळा म्हणजे ‘डो’. आकृती, कल्पित कथा, कणीक आणि आपला देह ही चुलत भावंडं आहेत. माती मळणाऱ्या हाताला याचं नवल वाटू नये.

झिलईत वितळवणारा पदार्थ लागतो, तो पुष्कळदा बोरॅक्स. फारसी ‘बूरा’, त्याचं अरबी ‘बौरक’, त्याचं लॅटिन ‘बोरॅक्स’, आणि १८०८ मध्ये त्यातलं मूलद्रव्य वेगळं झाल्यावर पुढे ‘बोरॉन’. इथे लखनौत ‘सोने पे सुहागा’ म्हणतात. तो सुहागा हाच. मराठी सोनाराच्या पेटीत तो ‘टाकणखार’ म्हणून असतो. संस्कृत ‘टंकण’. पूर्वी तिबेटातल्या सरोवरांच्या काठचा कच्चा टाकणखार हिमालय ओलांडून खाली येई आणि इथून युरोपात जाई. त्या कच्च्या मालाचं इंग्रजी नाव ‘टिंकल’, म्हणजे आपलं टंकणच. १८७८ मध्ये कोरड्या, पिठूळ झालेल्या बोरॅक्सला खनिज म्हणून नाव हवं होतं, तेव्हा या टिंकलला ‘पूड’ या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून ‘टिंकलकोनाइट’ केलं. म्हणजे जगातल्या प्रत्येक खनिजकोशात सोनाराचा टाकणखार बसलेला आहे. आपल्या रसायनाच्या पाठ्यपुस्तकात मात्र तो पहिल्या पानावर नसतो. असलाच तर कंसात असतो.

निळ्या रंगाकडे येऊ. निळी झिलई कोबाल्टची. जर्मनीतल्या खाणकामगारांना चांदीच्या खाणीत एक खनिज सापडे. दिसायला आशादायक, पण भट्टीत घातलं की चांदी नाही ती नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. त्यांनी निदान केलं की हे ‘कोबोल्ड’चं काम. कोबोल्ड म्हणजे खाणीतलं खोडकर भूत. १७३०च्या दशकात गेओर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनज्ञाने त्या खनिजातून नवा धातू काढला आणि नाव ठेवलं कोबाल्ट. दुसरं एक खनिज तांब्यासारखं तांबूस होतं, पण त्यातून तांबं निघेना. त्याला शिवी होती ‘कुप्फरनिकेल’, तांब्याचं भूत. १७५१ मध्ये आक्सेल क्रोनस्टेटने त्यातून धातू वेगळा केला. त्याने शिवीतलं तांबं गाळलं आणि भूत ठेवलं: निकेल. आवर्तसारणीत कोबाल्टचा क्रमांक २७, निकेलचा २८. आणि ज्या तांब्यापायी खाणकामगार बोटं मोडत होते, ते २९ वर, भिंतीला भिंत लावून.

कोबाल्टने कर्करोगावर उपचार झाले, निकेलची नाणी पडली. कोणा डॉक्टरने किंवा टांकसाळीने भुताला नारळ वाढवल्याचं ऐकिवात नाही. नाव कुठून आलं याला वैज्ञानिक किंमत शून्य. २७ प्रोटॉन असलेला तो कोबाल्ट, बस.

आता ऑक्सिजन घ्या. १७७७च्या सुमारास लाव्हाझिएने हे नाव घडवलं, ग्रीक ‘ऑक्सिस’ म्हणजे आंबट आणि ‘जेन’ म्हणजे उत्पन्न करणारा. सगळी आम्लं याच वायूमुळे होतात, असा त्याचा सिद्धान्त होता. सिद्धान्त चुकला. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा पत्ताच नसतो. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्यच आहे असं सांगितल्यावर तो खटला निकालात निघाला. नाव तसंच राहिलं. आज जगातला प्रत्येक विद्यार्थी दिवसातून दहा वेळा एक चुकीचा सिद्धान्त उच्चारतो आणि त्याचं काही बिघडत नाही, कारण त्याला ते ग्रीक ऐकूच येत नाही.

आपल्या परिभाषाकारांची अडचण इथे सुरू झाली. एकोणिसाव्या शतकापासून मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हटलं, नायट्रोजनला ‘नत्रवायू’, कार्बन डायऑक्साइडला काही पुस्तकांत ‘कर्बद्विप्राणिद’. १९४८ मध्ये य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ आला. नागपुरात बसून डॉ. रघुवीरांनी हिंदीसाठी याहून कडक संस्कृत शब्द घडवले: ऑक्सिजन ‘जारक’, नायट्रोजन ‘भूयाति’. या लोकांच्या कष्टांची टर उडवणं सोपं आहे. मला ते आवडत नाही. शास्त्र आपल्या भाषेत यावं म्हणून आयुष्य वेचलेली माणसं ती. पण त्यांचं एक गृहीत मला पटत नाही. शब्द ऐकल्याबरोबर वस्तू कळली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आता, कळणाऱ्या शब्दाला खरं बोलावं लागतं. ‘प्राणवायू’ म्हटलं की मूल विचारतं, मग हा लोखंडाला गंज का चढवतो? चिनहटच्या भट्टीत तांब्याला हिरवं करतो तोही प्राणच का? ‘विषाणू’ म्हटलं की ते विष समजतं. लॅटिनमध्ये ‘व्हायरस’चा अर्थही विषच आहे, पण इंग्रज मुलाच्या कानात तो अर्थ केव्हाच मेलेला असतो. आपल्या मुलाच्या कानात जिवंत असतो. त्यामुळे खोटं बोलायची जी मुभा ‘ऑक्सिजन’ला आहे, ती ‘प्राणवायू’ला मिळत नाही.

एका शब्दात मात्र आपण युरोपपेक्षा नशीबवान ठरलो. ‘अ‍ॅटम’ म्हणजे ग्रीकमध्ये न कापता येणारा. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि न कापता येणाऱ्याचे तुकडे पडले. आपला ‘अणू’ म्हणजे नुसता बारीक. त्याचे तुकडे पडले तरी तो बारीकच राहतो. पण याच शब्दाने लखनौतल्या मराठी घरांत एक घोळ घातलेला आहे. इथे बसलेल्या आयांना तो ठाऊक असेल. मराठीत अ‍ॅटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत अ‍ॅटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु! इथल्या हिंदी शाळेतलं पोर घरी येऊन म्हणतं, पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात. पुण्याहून आलेले आजोबा म्हणतात, अरे, अणूत कसले परमाणू, रेणूत तीन अणू असतात. दोघंही बरोबर, आणि जेवण होईपर्यंत भांडण चालू. त्यांची ‘परमाणु ऊर्जा’, आपली ‘अणुऊर्जा’. वैशेषिकांच्या दर्शनातून एकच शब्द दोन शेजारी भाषांनी उचलला आणि दोन वेगळ्या पायऱ्यांवर ठेवला. यात कोण चुकलं हा प्रश्नच गैरलागू आहे. निर्णय झाला, तो पाळला गेला, शब्द पक्का झाला.

निर्णय आणि वापर यांचं उत्तम मराठी उदाहरण याच शहरात आहे, आणि ते प्रयोगशाळेतलं नाही. १९२६ साली इथे मॅरिस संगीत कॉलेज निघालं, त्यामागे पंडित विष्णू नारायण भातखंडे होते. शेकडो राग कोणत्या चौकटीत बसवायचे हा त्यांच्यापुढे शास्त्रीय वर्गीकरणाचाच प्रश्न होता. त्यांनी दहा थाट ठरवले. ‘थाट’ हा शब्द त्यांनी कोशातून काढला नव्हता. सतारीवर पडदे ज्या जागी बांधतात, त्या मांडणीला वादक थाट म्हणत. वाजवणाऱ्याच्या हातातला शब्द उचलून त्याला नेमका अर्थ लावला, इतकंच. थाटपद्धतीवर आक्षेप पुष्कळ आले. ‘थाट’ या शब्दावर आलेला ऐकिवात नाही.

खनिजांचे शब्द असेच तयार झाले, आणि त्यातले काही आपल्या पायाखालचे आहेत. १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस ब्यूकॅननने मलबारमधल्या अंगाडिपुरमच्या एका दगडाचं वर्णन केलं. जमिनीतून काढताना मऊ, हत्याराने कापता येणारा, आणि उघड्यावर राहिला की कडक होणारा. लोक त्याचे विटेसारखे ठोकळे काढून घरं बांधत होते. लॅटिन ‘लाटर’ म्हणजे वीट, म्हणून त्याने नाव दिलं ‘लॅटराइट’. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. तो आपला जांभा, त्याचे चिरे. जगभरच्या भूशास्त्रात आज हा शब्द चालतो आणि त्यात भट्टीशिवाय पक्क्या होणाऱ्या भारतीय विटेची आठवण आहे. सह्याद्रीचा ‘डेक्कन ट्रॅप’ही असाच. ‘ट्रॅप’ म्हटलं की आपल्याला सापळा वाटतो. पण हा शब्द स्वीडिश, ‘त्राप्पा’, म्हणजे जिना. बोरघाटातून जाताना समोरच्या डोंगराच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अर्थ विचारायची गरज पडत नाही.

लाव्हाच्या या पायऱ्यांमध्ये तळ्यांचे थर आहेत आणि त्या थरांत झाडांचे जीवाश्म. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानच्या जीवाश्मांवर १९३७ मध्ये के. पी. रोडे यांच्याबरोबर निबंध लिहिणारे बिरबल साहनी इथले, लखनौ विद्यापीठाचे. त्यांनी काढलेल्या, वनस्पतींच्या जीवाश्मांवर काम करणाऱ्या संस्थेची पायाभरणी ३ एप्रिल १९४९ रोजी नेहरूंच्या हस्ते झाली. पायाच्या दगडातच जीवाश्म बसवलेले आहेत. आठवड्याभरात साहनी गेले. ‘फॉसिल’ म्हणजे लॅटिनमध्ये खणून काढलेलं काहीही. सोळाव्या शतकात आग्रिकोला धातूंच्या खनिजांनाही फॉसिलच म्हणत होता. अर्थ आक्रसत आक्रसत फक्त मेलेल्या जीवांपुरता उरला. साहनींच्या संस्थेत ज्या ‘ग्लॉसोप्टेरिस’वर पिढ्यान्‌पिढ्या काम झालं, त्याचा अर्थ जिभेसारखं नेचं, ब्रॉन्यारने १८२८ मध्ये नाव दिलं तेव्हा ते नेचं वाटलं होतं. ते नेचं नाही, बीजधारी झाड आहे. नाव बदललं नाही. ज्या खडकांत ते सापडतं त्यांना मेडलिकॉटने गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवाना’ म्हटलं, आणि त्यावरून एडुआर्ड झ्यूसने एका सबंध लुप्त महाखंडाला. चंद्रपूरचा कोळसा त्याच खडकांतला. अंटार्क्टिकावर संशोधन करणारा नॉर्वेजियन शास्त्रज्ञ आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंडांचं नाव घेतो, बहुधा नकळत.

शेवटचा शब्द घेतो, कारण त्यात अवध आणि विदर्भ दोन्ही आहेत. लखनौच्या आसपासची ऊसर जमीन तुम्ही पाहिली असेल, उन्हाळ्यात पांढरी फटक पडणारी. त्या पांढऱ्या थराला इथे ‘रेह’ म्हणतात आणि जुन्या इंग्रजी मृदाशास्त्रात तो शब्द तसाच, ‘रेह’ म्हणून छापलेला आढळतो. धोबी तोच क्षार कपडे धुवायला वापरत. शास्त्रात अशा क्षाराला ‘अल्कली’ म्हणतात. अरबीत ‘अल्-किली’ म्हणजे खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपाची राख. त्यावरून लॅटिन ‘कॅलियम’, म्हणून पोटॅशियमचा संकेत ‘के’. आपल्या पाठ्यपुस्तकांनी अल्कलीला मराठी साज चढवला आणि ‘अल्क’ केलं. दिसायला अस्सल संस्कृत. पण यातलं ‘अल्’ हे अरबी उपपद आहे, इंग्रजीतल्या ‘द’सारखं, राखेचा अर्थ होता तो ‘किली’त, आणि त्यातला फक्त ‘क’ आपल्या वाट्याला आला.

विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातला शेतकरी अल्कधर्मी म्हणत नाही. पाणी न मुरणाऱ्या, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड होणाऱ्या जमिनीला मराठीत ‘चोपण’ हा शब्द आहे, आणि तो कृषी विद्यापीठांच्या पत्रकांतही छापला जातो, ही समाधानाची गोष्ट. उपाय मात्र ऊसरला आणि चोपणला एकच: जिप्सम. ग्रीक ‘गिप्सोस’. इथल्या कारखान्यात भांड्यांचे साचे ज्या प्लास्टरचे ओततात तेही भाजलेलं जिप्समच. बाराबंकीच्या वाटेवरचं दुकान असो की अकोल्याचं, शेतकरी गोणीकडे बोट दाखवून ‘जिप्सम’ मागतो, आणि दुकानदार काट्यावर तेच चढवतो.